यजमान शहर आणि बिऱ्हाडकरू

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. कुणी ते अभिमानाने म्हणतो, कुणी स्वतःचीच फिरकी घेत. या लेखासाठी टिपणे काढत होतो तेव्हा ही जोडी वेगळ्याच कारणाने डोक्यात बसली. १९३६ साली बर्लिनमध्ये ऑलिंपिक भरले. ध्यानचंदांच्या हॉकी संघाने १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात जर्मनीला हरवले, हे सगळ्यांना ठाऊक असते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तिथे जाऊन कबड्डीसारखे देशी खेळ दाखवून आले, हेही आपल्या भागातल्या जुन्या तालीमबाजांना ठाऊक असते. पण उद्घाटन होते १ ऑगस्टला, आणि त्याआधी पंधरवडाभर, १६ जुलैला, बर्लिनच्या पोलिसांनी शहरात राहणाऱ्या शेकडो सिंती आणि रोमा लोकांना धरून मार्त्सान या उपनगरात नेऊन टाकले. एका बाजूला दफनभूमी, दुसऱ्या बाजूला मैलापाण्याची शेते. पाहुण्यांना शहर स्वच्छ दिसावे म्हणून. खेळ संपले, पाहुणे गेले. छावणी मात्र उठली नाही. १९४३ साली तिथल्या अनेकांना ऑश्विट्झला धाडण्यात आले.

बर्लिनची गोष्ट नाझी राजवटीची. तिच्याशी इतर कुठल्या शहराची बरोबरी करण्यात अर्थ नाही. तरी तिच्यातला एक धागा पुढे साऱ्या जगात सापडतो. आपल्याकडे पाहुणा आला की घरधनी स्वतःचे अंथरूण ओसरीवर टाकतो आणि आतली खोली पाहुण्याला देतो. गैरसोय त्याची आणि निर्णयही त्याचाच. शहर जेव्हा यजमान होते तेव्हा आमंत्रण एक जण देतो आणि खोली दुसऱ्यालाच रिकामी करावी लागते. ती कुणाला करावी लागते आणि ते कसे ठरते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

परभणीच्या माणसाने यावर का लिहावे, असे कुणी विचारील. आमच्याकडे उरुसाची गर्दी होते, १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, पण आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा काही परभणीत भरायच्या नाहीत. खरे आहे. मात्र दसरा झाला की गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरीकडची गावे अर्धी रिकामी होतात. काही जण उसाच्या फडावर जातात, काही पुण्या-मुंबईकडे बांधकामावर. मोठ्या स्पर्धांशी आमच्या जिल्ह्याचे नाते तिथे जडते. स्टेडियमच्या गॅलरीत आम्ही फारसे नसतो. स्टेडियमला जाणारा रस्ता, त्याच्याकडेला उगवणाऱ्या इमारती आणि त्या इमारतींच्या सावलीतल्या पत्र्याच्या खोल्या, इथे मात्र हमखास असतो.

*

आधी दिल्लीकडे पाहू, कारण आपल्या देशातला हा इतिहास तिथे कागदोपत्री नोंदलेला सापडतो.

१९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीत नववे आशियाई खेळ झाले. नव्या स्टेडियमांसाठी, उड्डाणपुलांसाठी आणि खेळाडूंच्या निवासासाठी परप्रांतांतून मजूर आणले गेले. तीन समाजशास्त्रज्ञांनी कामाच्या जागी जाऊन त्यांची स्थिती पाहिली आणि त्या अहवालाच्या आधारे ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल दिला. किमान वेतन होते दिवसाला ९ रुपये २५ पैसे. सरकार ते ठेकेदाराला देई, ठेकेदार जमादाराला, आणि जमादार माणशी एक रुपया कापून उरलेले ८ रुपये २५ पैसे मजुराच्या हातावर ठेवी. जमादार म्हणजे आपला मुकादम. नाव वेगळे, रुपया तोच. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाखालची वेठबिगारीच, असे न्यायालयाने ठरवले. कामगार कायद्यात आजही हा निकाल पायाचा दगड मानतात.

हा निकाल मी पुन्हा वाचला तो घराच्या अंगाने. त्यात मजुरी आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर लावल्याची तक्रार आहे, परप्रांतीय मजुरांसाठीच्या कायद्याची चर्चा आहे. खेळ संपल्यावर ही माणसे कुठे राहिली, हा प्रश्न मात्र न्यायालयापुढे आलाच नव्हता. खेळाडूंसाठी वास्तुविशारद राज रेवाल यांनी आखलेली ‘एशियाड व्हिलेज’ ही वसाहत देखणी आहे. गल्ल्या, चौक, सावल्या यांचा असा विचार सरकारी घरबांधणीत क्वचित दिसतो. खेळांनंतर ती वरच्या थरातल्या अधिकाऱ्यांच्या आणि सुस्थितीतल्या कुटुंबांच्या वाट्याला गेली.

२०१० च्या राष्ट्रकुल खेळांच्या वेळी चित्र याहून कठोर झाले. यजमानपद नोव्हेंबर २००३ मध्ये मिळाले. २००४ च्या उन्हाळ्यात यमुना पुश्त्यावरची, म्हणजे नदीच्या बांधालगतची, हजारो घरे पाडली गेली. अधिकृत कारण नदीपात्रातले अतिक्रमण हे होते, आणि त्याला उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधारही होता. ज्यांच्याकडे १९९० च्या आधीचा पुरावा होता त्यांना शहराच्या पार कडेला, बवानासारख्या ठिकाणी, १८ चौरस मीटरचा तुकडा. १९९० ते १९९८ मधला पुरावा असेल तर साडेबारा चौरस मीटरचा. नंतरचा असेल किंवा पुरावाच नसेल तर काही नाही. साडेबारा चौरस मीटर म्हणजे आपल्याकडची एक बरीशी खोली. बवाना तीस-पस्तीस किलोमीटर दूर. पुश्त्यावरून चालत कामाला जाणारी मोलकरीण तिथून येणार कशी, याचे उत्तर कुठल्याच तक्त्यात नव्हते.

पुढे त्याच यमुनेच्या काठी, अक्षरधाम मंदिराशेजारी, खेळाडूंसाठी ११६८ सदनिकांचे क्रीडाग्राम उभे राहिले. ते नदीच्या पूरक्षेत्रात आहे अशी हरकत न्यायालयात गेली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही जागा नदीपात्रही नाही आणि पूरक्षेत्रही नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पण एका काठावर नदीसाठी माणसे हटवली जातात आणि त्याच नदीच्या दुसऱ्या काठावर महागड्या सदनिका उभ्या राहतात, हे पाहणाऱ्या पुश्त्यावरच्या माणसाला न्यायालयीन बारकावा कसा समजावायचा? डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, पुसा रोडजवळचा बेघरांचा रात्रनिवारा पाडला गेला. जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ‘हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क’ या संस्थेने २०११ च्या अहवालात खेळांमुळे दिल्लीत किमान दोन लाख लोक विस्थापित झाल्याचा अंदाज मांडला. ही मोजणी सरकारने केलेली नाही, एका संस्थेला करावी लागली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

*

आता आपल्या घराकडे. पुण्याच्या पश्चिमेला मुळेच्या काठी म्हाळुंगे आणि बालेवाडी ही दोन गावे. इथे सुमारे दीडशे एकरांवर श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी. वास्तुविशारद शशी प्रभू. वानखेडे स्टेडियमही त्यांचेच. त्या वेळी बालेवाडी पुणे महापालिकेत नव्हते, १९९७ साली आले. म्हाळुंगे तर २०२१ पर्यंत बाहेरच होते. म्हणजे आधी संकुल आले, मग शहर. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात इथेच तिसरे राष्ट्रकुल युवा खेळ झाले. त्यासाठी संकुलाची डागडुजी झाली, नवे हॉटेल आले, तिकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोठा खर्च झाला.

बालेवाडीत पुश्त्यासारखे काही घडले नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. हजारो घरांवर एका उन्हाळ्यात बुलडोझर फिरला, असे इथले चित्र नाही. इथली गोष्ट संथ आहे, म्हणून ती बातमीत आली नाही. शिवाय इथल्या जमिनीचे भाव एकट्या खेळांनी वाढवले असे म्हणणेही अप्रामाणिकपणाचे होईल. नदीपलीकडे हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र, शेजारून जाणारा मुंबई-बंगळूर महामार्ग, वाढते पुणे, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. स्पर्धांनी केले ते एवढेच की, जे रस्ते दहा वर्षांत झाले असते ते दोन वर्षांत झाले, आणि या भागाचे नाव साऱ्या राज्याला ठाऊक झाले. भावाला तेवढे पुरते.

या संथ गोष्टीत तीन थर आहेत. पहिला जमीनमालक शेतकऱ्याचा. सातबाऱ्यावर त्याचे नाव असते, म्हणून त्याच्याशी निदान बोलावे लागते. त्याला मोबदला मिळतो. कमी मिळाला तर तो कोर्टात जातो. नवी मुंबईत सिडकोने पंचाण्णव गावांची जमीन घेतली तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी भूमिपुत्र लढले, १९८४ च्या जासई आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना हाती आली. त्याच नव्या मुंबईत नेरूळला आज आंतरराष्ट्रीय सामने होतात. ती लढाई मोठी होती, पण तिचा पाया सातबारा होता.

दुसरा थर भाडेकरूचा. शहराच्या कडेच्या गावांतल्या शेतकऱ्याने उरलेल्या गुंठ्यांवर पत्र्याच्या खोल्या काढल्या. दहा बाय दहाची एक, अशी आठ-दहा खोल्यांची रांग, टोकाला सामाईक नळ आणि संडास. या खोल्यांत परभणी, नांदेड, लातूर, बीडची माणसे राहायला आली. जमीन गेलेला शेतकरी घरमालक झाला आणि दुष्काळाने शेती सुटलेला शेतकरी त्याचा बिऱ्हाडकरू. दोघांचे बरे जमते, सणासुदीला एकमेकांकडे जेवण होते. मग भाव वाढतो, मालक जागा बिल्डरला विकसनासाठी देतो. मालकाला सदनिका मिळतात. खोल्या जातात. बिऱ्हाडकरूला महिनाभराची मुदत मिळाली तरी पुष्कळ. ना पावती, ना करार, ना नोटीस. यात कुणी कायदा मोडला असेही म्हणता येत नाही, आणि हे विस्थापन कुठल्याच अहवालात मोजले जात नाही.

पालम तालुक्यातले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. सेंट्रिंगच्या कामावर ते २००७ च्या सुमारास बायको-मुलांसह बालेवाडीकडे गेले, ते सात-आठ वर्षे त्याच टापूत होते. मी विचारले, “मामा, तितक्या वर्षांत किती खोल्या बदलल्या?” ते आठवू लागले तेवढ्यात आतून मामींनी उत्तर दिले, “थोरल्याच्या चार शाळा झाल्या, धरा तुम्हीच हिशेब.” पहिली खोली साइटवरची. काम संपले तशी ती मोडली. मग म्हाळुंग्याच्या बाजूला भाड्याची. ती जागा विकली गेली. मग नदीपलीकडे माणला. “मालक काय वंगाळ नव्हता,” मामा म्हणाले, “खोली सोडताना डिपॉझिट सगळं परत दिलं. पण खोलीच ऱ्हायली न्हाई, त्याला तो तरी काय करणार?”

तिसरा थर साइटवरच्या खोलीचा, आणि इथे कायद्याचे शब्द वाचण्यासारखे आहेत. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याच्या ३४ व्या कलमाने मालकावर बंधन घातले : कामगारांना कामाच्या जागी किंवा जवळपास मोफत तात्पुरते निवासस्थान द्यावे, स्वयंपाकाची, अंघोळीची, संडासाची वेगळी सोय असावी. चांगले कलम होते. जिथे पाळले जाई तिथे माणसे माणसांसारखी राहत. त्याच कलमात पुढे म्हटले होते की, काम संपताच मालकाने ही बांधकामे स्वखर्चाने हटवून जागा साफ करावी. म्हणजे या घराच्या जन्मातच त्याचे पाडणे लिहिलेले होते. मामांची पहिली खोली मोडली ती कायद्याने मोडली.

*

इथे आपण मुळाशी येतो. स्पर्धेत कुणाचे घर जाते आणि कुणाला त्याबदल्यात काही मिळते, हे दोन गोष्टींवर ठरते : कागद आणि तारीख.

महाराष्ट्रात झोपडीला संरक्षण मिळण्यासाठी १ जानेवारी १९९५ ही सीमारेषा ठरली. नंतर ती १ जानेवारी २००० पर्यंत सरकली, आणि त्यापुढे २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घराची वाट मोकळी झाली. १९९५ हेच परभणीच्या संमेलनाचे वर्ष. अध्यक्ष होते नारायण सुर्वे, मुंबईच्या रस्त्यावर वाढलेले. त्यांनी तरी त्या शहरात राहिल्याचा कोणता पुरावा दाखवला असता, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कागदाची ही कसोटी कायम शहरात राहणाऱ्यालाही जड जाते. आमच्या माणसाला ती ओलांडताच येत नाही, कारण तो सहा-आठ महिने तिकडे आणि उरलेले इकडे असतो. मतदारयादीत नाव गावाला, रेशनकार्ड गावाला, कारण तिथे नाव कापले तर धान्य जाते. शहराच्या पाहणीत तो ‘बाहेरगावचा’, आणि गावच्या ग्रामसभेत ‘सध्या पुण्याला असतो’. १९८१ साली मुंबईतल्या फुटपाथवरच्या माणसांना गाड्यांत घालून आपापल्या गावी परत धाडण्याचा प्रयत्न झाला होता. ‘ओल्गा टेलिस’ म्हणून प्रसिद्ध असलेला १९८५ चा निकाल त्यातूनच आला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे न्यायालयाने म्हटले, आणि पावसाळा संपल्यावर हटवायला परवानगीही दिली.

मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा तर राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरताच होता. पालमहून पुण्याला जाणारा माणूस चारशे-साडेचारशे किलोमीटर जातो, पण राज्य तेच, म्हणून तो स्थलांतरित ठरत नाही. सीमेवरच्या देगलूरचा माणूस पाच-दहा कोसांवर तेलंगणात कामाला गेला तर ठरतो. संसदेने २०२० साली कामगार कायद्यांच्या संहिता मंजूर केल्या, त्यांतही ‘आंतरराज्य’ हा शब्द राहिलाच.

तारखेचे म्हणाल तर, धरण लांबते, रेल्वेमार्ग लांबतो. परभणीकरांना हे वेगळे सांगायला नको. खेळांचे उद्घाटन सहसा लांबत नाही. त्या एका तारखेपासून मागे मोजत सगळी कामे लावली जातात आणि सुनावणी, हरकती, पुनर्वसन यांचे दिवस कापले जातात. जुन्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात तातडीचे कलम होते, त्याखाली हरकत ऐकण्याची पायरीच गाळता येई. २०१३ च्या कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला, आणि बाधित कुटुंबांत तीन वर्षे तिथे राहणाऱ्या किंवा त्या जागेवर पोट असणाऱ्या भूमिहीनांनाही धरले. त्याच कायद्यात सार्वजनिक प्रयोजनांच्या यादीत क्रीडाप्रकल्पांचे नाव आहे. तीन वर्षे एका जागी राहणाऱ्या मजुराला ही मोठी गोष्ट आहे. मामा एका जागी तीन वर्षे राहिले नाहीत.

बाहेरच्या जगात हेच कमी-अधिक फरकाने घडले. जिनिव्हाच्या एका गृहहक्क संस्थेने २००७ मध्ये ऑलिंपिक शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १९८८ च्या सोलसाठी सात लाख वीस हजार लोक हटवले गेल्याची नोंद आहे. बार्सिलोनात बुलडोझर कमी फिरला, पण १९८६ मध्ये यजमानपद मिळाल्यापासून १९९२ च्या आसपासपर्यंत घरांच्या किमती दुपटीहून वर गेल्या. ते बालेवाडीचेच मोठे रूप. मला सर्वांत शिकण्यासारखी वाटली ती रिओची विला ऑतोद्रोमो ही कोळ्यांची जुनी वस्ती. २०१६ च्या ऑलिंपिक पार्कला ती खेटून होती. साधारण सहाशे कुटुंबे. त्यांनी दोन विद्यापीठांच्या मदतीने स्वतःच वस्तीचा सुधारणा आराखडा काढला, त्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तरी बहुतेक घरे गेली. शेवटपर्यंत अडून बसलेल्या वीस कुटुंबांना तिथेच नवी घरे बांधून मिळाली. सहाशेत वीस हा विजय म्हणावा की पराभव, मला ठरवता आलेले नाही. पण त्यांच्या हाती स्वतःचा नकाशा होता, स्वतःची मोजणी होती. आपल्याकडे भाड्याच्या खोल्यांची अशी मोजणी महापालिकेने किंवा एखाद्या समाजकार्य महाविद्यालयाने कामे सुरू होण्याआधी केली, तर निदान कोण कुठे गेले ते नंतर विचारता येईल.

*

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०३० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी अहमदाबादच्या दाव्याला मंजुरी दिली. त्यापुढे २०३६ चे ऑलिंपिक आणण्याची इच्छाही सरकारने बोलून दाखवली आहे. मोटेऱ्याचे स्टेडियम तयारच आहे, एक लाख बत्तीस हजार प्रेक्षकांचे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे अमेरिकेच्या अध्यक्षांचा सत्कार झाला तेव्हा विमानतळाच्या रस्त्यालगतच्या सरणियावास या वस्तीपुढे भिंत बांधली गेली, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचले आहे. निवासाच्या इमारती, रस्ते आणि पूल अजून व्हायचे आहेत.

त्याच वर्षी, १९७९ चा कायदा अजून लागू असताना, मामांकडे गेलो होतो. धाकटा मुलगा आता सेंट्रिंगमध्येच आहे. मामांनी मलाच विचारले, “सर, ते अहमदाबादचं काम कवा निघणार हाय? मुकादम ईस माणसं जमवाय लागलाय म्हणं.”

मी म्हणालो, तिकडे जायचे तर राज्य बदलते, १९७९ चा कायदा लागू होतो. ठेकेदाराने फोटो लावलेले पासबुक द्यायला हवे, जाण्या-येण्याचे भाडे, विस्थापन भत्ता आणि राहायला बरी जागा द्यायला हवी. मामांनी सगळे नीट ऐकून घेतले. मुलाने मोबाइल बाजूला ठेवून विचारले, “पासबुक आधी मागायचं का तिथं गेल्यावर?”

“आधी,” मी म्हणालो.

मामा हसले. “आधी मागितलं तर ह्याच्या जागी दुसरा जाईल.” मग मुलाकडे वळून म्हणाले, “भाऊबीज होऊ दे. मुकादम येईल तवा सरांनाच बोलवू.”